उशाखालच्या दोन सुपाऱ्या

नेपाळला जाऊन आलेल्या माणसाला लोक पहिल्यांदा विचारतात, हिमालय पाहिला का? मी पाहिला. चंद्रागिरीच्या माथ्यावर धुकं फाटलं तेव्हा पाहिला, जेमतेम एक भाकरी भाजून होईल एवढा वेळ, आणि तो सगळा वेळ मी आत्याबाईंच्या घोट्याला तेल चोळत होते. तेव्हा शिखरांची नावं आणि उंच्या ज्यांना हव्या असतील त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी विचाराव्यात. मला त्या प्रवासातलं वेगळंच आठवतं, आणि अलीकडे फार आठवतं. आत्याबाई आता नाहीत. त्यांच्याबरोबरचा तो महिना मला परत हवा आहे. तो मिळत नाही म्हणून निदान लिहून काढते.

आत्याबाई म्हणजे माझी सासू. आम्ही चांदा जिल्ह्यातल्या मूलच्या. मूल हे धानाचं गाव. एका टोकाला राईस मिलचा उडता कोंडा, दुसऱ्या टोकाला तलाव, आणि मधल्या सगळ्यांना सगळ्यांचं सगळं माहीत. मी तिथल्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. अठराव्या वर्षी लग्न होऊन या घरात आले. नवरा जंगलखात्यात नाकेदार होता, नेमणूक सूरजागडच्या डोंगरांकडे. आठ महिन्यांनी तिकडून हिवताप घेऊन आला आणि चौथ्या दिवशी गेला. त्याचा चेहरा आठवायचा तर मला फोटोकडे बघावं लागे, हे तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं, आता सांगते. पुढची अकरा वर्षं आत्याबाई आणि मी, पांढऱ्या कपाळाच्या दोघी, एका घरात राहिलो. त्यांनीच मला शिकायला पाठवलं. गावात कुणाकडे हळदीकुंकू असलं की, ‘शाळंत काम आहे ना तुले?’ असं त्याच म्हणायच्या आणि मला मागच्या दारानं बाहेर काढायच्या. जाच म्हणाल तर नव्हता. पण माझ्या नवऱ्याची एक उशी होती, सावरीचा कापूस जंगलातून वेचून आणून त्यांनी स्वतः भरलेली. दर उन्हाळ्यात ती माळ्यावरून खाली यायची, दिवसभर उन्हात पडायची आणि संध्याकाळी परत वर जायची. त्या दिवशी घरात कुणी बोलत नसे.

मुलगा तापात होता तेव्हा आत्याबाई पशुपतिनाथाला नवस बोलल्या होत्या. मार्कंड्याच्या जत्रेत कुणा गोसाव्याकडून त्यांनी ते नाव ऐकलं होतं, आणि जवळचे सगळे देव करून झाले होते. पोरगा वाचला तर पायी चढून दर्शनाला येईन, असा नवस. पोरगा वाचला नाही. तरी अकरा वर्षांनी त्यांनी जायचं काढलं. मी म्हटलं, “आत्याबाई, नवस फळला कुठं?”

“देवानं त्याचा शब्द नाई ठेवला,” त्या म्हणाल्या, “मी काऊन मोडू माहा?”

नागपूरची एक यात्रामंडळी शिवरात्रीला नेपाळात चालली होती, त्यांत आम्ही नावं दिली. राणांची राजवट जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि यात्रेकरूंना आता फारशी आडकाठी नाही असं ऐकत होतो.

निघायच्या आठवडाभर आधी मला एक चिठ्ठी आली. आमच्या गावच्या ढोर-डॉक्टरांची. सरकारी दवाखान्यात होते, बायको जाऊन पाच वर्षं झालेली, घरी म्हातारी आई. आमच्या गाईला फऱ्या झाला तेव्हा चार वेळा येऊन गेले होते. पुढे गाय बरी झाली तरी दोनदा आले. चिठ्ठीत मोजून चार ओळी होत्या. ‘तुमच्याशी लग्न करावं अशी इच्छा आहे. माझी सिरोंच्याला बदली झाली आहे, पाडव्याच्या सुमारास निघेन. त्याआधी उत्तर मिळावं. उत्तर नाही असं असलं तरी गाईचं औषध बंद करू नये.’ कागदाला फिनाइलचा दणदणीत वास होता. मी तो ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत खुपसला आणि ती ट्रंक घेऊन नेपाळला निघाले.

आमच्यात पाट लावत नाहीत, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न करत नाहीत. कुणब्यांत लावतात. आमच्या धानाच्या बांधीत रोपं लावायला, रोवणीला, येणारी सोमी गोंडीण, तिनं तर नवरा जिवंत असताना दुसरा केला होता. पंचांना जेवण घातलं आणि तिसऱ्या दिवशी गाणं म्हणत चिखलात हजर. मी शेताच्या कडेला धुऱ्यावर छत्री धरून उभी असायची आणि तिच्याकडे बघत राहायची. मला हो म्हणायचं होतं, उघडच लिहिते. पण हो म्हणायचं म्हणजे या म्हातारीला एकटी टाकून जायचं, आणि जाताना तिच्या मुलाची ती उशी ओलांडून जायचं. ते माझ्यानं होईल असं वाटत नव्हतं.

भीमफेदीच्या पुढे

रक्सौलपर्यंतचं काही सांगत नाही. आगगाडी सगळीकडे सारखीच. रक्सौलला तिथली खेळण्यासारखी गाडी घेतली, मग लॉरीत उभं राहून भीमफेदी गाठली. तिथे रस्ता संपतो आणि डोंगर सुरू होतो. आता म्हणे थेट काठमांडूपर्यंत मोटारीचा रस्ता झाला आहे. आम्ही चालत गेलो.

आमचं सामान उचलायला एक जोडपं मिळालं. नवरा अबोल, बायकोचं नाव कांछी, म्हणजे घरातली धाकटी. आमची ट्रंक आणि दोन वळकट्या तिनं एका टोपलीत घातल्या, टोपलीचा पट्टा कपाळाला लावला आणि तोंडात विडी धरून चढायला लागली. पन्नास पावलांत आम्ही धापा टाकत बसलो. ती वरून हसत होती.

दुसऱ्या दिवशी चंद्रागिरीच्या अलीकडे आत्याबाईंचा पाय दगडावरून घसरला. घोटा बघता बघता वांग्याएवढा झाला. मंडळीचे पुढारी म्हणाले, शिवरात्र चुकेल, आम्ही पुढे जाऊन धर्मशाळेत जागा धरतो. ते गेले ते गेलेच. कांछीच्या नवऱ्यानं आपली रिकामी टोपली पुढे ठेवली आणि आत्याबाईंना हातानं खूण केली, बसा.

“मी का भोपळा होय का?” आत्याबाई कडाडल्या. “नवस पायी बोलली आहो मी!”

मी म्हटलं, “पाय त्याचे, नवस तुमचा. देव समजून घेईल.” शेवटी बसल्या. टोपलीत त्यांचं तोंड मागच्या बाजूला होतं, त्यामुळे सगळी वाट त्या माझ्याकडे बघत आणि मी त्यांच्याकडे बघत अशा चाललो. अकरा वर्षांत आम्ही इतका वेळ एकमेकींच्या तोंडाकडे पाहिलं नसेल.

कांछी मोडकंतोडकं हिंदी बोलायची. हा तिचा दुसरा नवरा, हे तिनं विडी विझवता विझवता सांगितलं. पहिला मारायचा, म्हणून सोडला.

“मग लोकं काय म्हणाले?” मी विचारलं.

“लोक? लोक म्हणाले, बरं केलंस. मारायचाच तो.”

टोपलीतून आवाज आला, “कमल, हे तं आपल्या सोमीसारखीच आहे वो.” थोड्या वेळानं परत, “सोमीले आपन किती बोललो.” बोलण्यात मी नव्हते, पण तिची पाठराखण करायलाही नव्हते.

माथ्यावर ते धुकं फाटलं. सगळं आकाश एका बाजूनं पांढरं होऊन उभं राहिलं. आमच्याकडे जिकडे पाहावं तिकडे धान आणि त्यापलीकडे साग. नजर कुठेतरी जाऊन टेकते. इथे ती टेकतच नव्हती. मला एकदम वाटलं, हे त्या माणसाला दाखवायला हवं होतं. कुणाला, हे मनात आल्यावर मी दचकले. समोर आत्याबाई होत्या, आणि त्या पर्वताकडे न बघता माझ्याकडेच बघत होत्या.

पाटण

धर्मशाळेत अर्थातच जागा नव्हती. कांछी म्हणाली, पाटणला माझी मितिनी आहे. मितिनी म्हणजे देवासमोर जोडलेली मैत्रीण. जात निराळी असली तरी बहिणीच्या जागी. अशा रीतीनं आम्ही ज्ञानमायाच्या घरी पोचलो.

ज्ञानमाया नेवार, म्हणजे त्या दरीतल्या मूळच्या लोकांतली. तिचा नवरा पितळेच्या मूर्ती घडवायचा, ऐन उमेदीची वर्षं दोघांनी बनारसला काढलेली, त्यामुळे तिचं हिंदी आमच्यापेक्षा चांगलं होतं. ती पन्नाशीची, ठेंगणी, काळ्या, लाल काठाच्या लुगड्यातली, आणि हसली की तिचे डोळेच नाहीसे व्हायचे. घर विटांचं, उंच आणि अरुंद. खालच्या खोलीत हातोड्यांची टकटक, वर राहायचं, आणि स्वयंपाकघर अगदी छपराखाली. आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात चालत नव्हतो आणि त्यांच्या हातचा भात आत्याबाईंना चालत नव्हता, त्यामुळे दोन्ही घरांची अब्रू राहिली. चिउरा मात्र चालला. चिउरा म्हणजे जाडे पोहे. आत्याबाईंनी चार दाणे दातांखाली धरून पाहिले आणि निकाल दिला, “आपल्या लुचई धानाच्या पोह्याची सर नाई. पन चावाले बरे आहेत.” रोज दोन्ही वेळा तेच खाल्ले.

त्या गावात चौकाचौकात देव. एकाच अंगणात बुद्ध आणि महादेव शेजारी शेजारी, आणि बुद्धालाही शेंदूर. आत्याबाईंना मी फरक सांगायला गेले तर म्हणाल्या, “कोनता देव आहे ते मंग पाहू. आधी हात जोड.” तिथल्या लोकांचाही तसाच शिरस्ता दिसला.

आणि बायका. खिडक्यांत, ओट्यांवर, विहिरीवर, माग घेऊन, सूत घेऊन, नाहीतर नुसत्या गप्पा मारत. सगळ्यांच्या कपाळाला टिळे. मी शिक्षिका, मला मोजायची खोड. एक तरी मोकळं कपाळ दिसतं का म्हणून मी त्या आळीत बघत फिरले. मला दिसलं नाही. एवढ्या मोठ्या आळीत कुणाचाच नवरा मेला नाही की काय, असं मनात आलं.

पशुपतीच्या दारात

शिवरात्रीला कांछीचा नवरा आत्याबाईंना टोपलीत घेऊन निघाला. बागमतीच्या दोन्ही काठांवर मुंगीला वाट नव्हती. राख फासलेले गोसावी, मारवाडी, मद्रासी, डोंगरातून उतरलेले भोटे, सगळे त्या एका दारावर लोटलेले. आमच्या मार्कंड्याला शिवरात्रीला वैनगंगेच्या वाळूत गाड्या सोडून लोक निवांत जेवतात, तसलं इथे काही नव्हतं. रेट्यात शिरलो, रेट्यात दर्शन झालं, रेट्यात बाहेर फेकलो गेलो. आत्याबाईंनी देवाला काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. देवानं काय सांगितलं ते त्यांनाही आलं नसावं.

उतरताना घाटाच्या पायऱ्यांवर एक म्हातारी दिसली. पांढरं पातळ, केस काढलेले, समोर चिमूटभर तांदूळ. बामणाची होती. आत्याबाईंनी टोपली थांबवायला लावली आणि मला म्हणाल्या, विचार तिले. मी हिंदीत विचारलं. नवव्या वर्षी लग्न, बाराव्या वर्षी हे. तेव्हापासून या पायऱ्या. घरचे? घरचे कधी कधी येतात, कुणाला पोचवायला आले म्हणजे. हे सांगताना तिनं समोर जळत असलेल्या चितेकडे बोट केलं.

आत्याबाईंनी चितेकडे पाहिलं. मग देवळाकडे बघून म्हणाल्या, “तुह्या दारातच का रे?” हे मात्र मला ऐकू आलं.

दोन कोसांवरच्या पाटणात एकही पांढरं कपाळ नाही आणि इथे पायरीपायरीला. दरी एक, देव एक, नदी एक. मला ते कोडं सुटत नव्हतं. ते सुटलं आत्याबाईंच्या एका घोटाळ्यामुळे.

सुपारी

ज्ञानमायाचा नवरा आम्ही आलो तेव्हापासून छातीतल्या कफानं आणि तापानं अंथरुणावर होता. आपल्याकडे आजाऱ्याच्या उशाखाली देवाचा प्रसाद ठेवतात. आत्याबाईंनी पशुपतीला विडा ठेवला होता, त्यावरच्या दोन सुपाऱ्या आणि एक बेलाचं पान त्यांनी चंचीत जपून आणलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा झोपलेला बघून त्या लंगडत गेल्या, त्याच्या उशाखाली दोन्ही सुपाऱ्या सारल्या आणि मोठं पुण्य केल्यासारख्या माझ्याजवळ येऊन बसल्या.

थोड्या वेळानं ज्ञानमाया त्याला गरम पाणी द्यायला गेली. उशी वर केली आणि किंचाळली. म्हातारा जागा झाला, त्यानं सुपाऱ्या पाहिल्या आणि त्याचं तोंड असं उतरलं की मला वाटलं, आता जातो. बायकोकडे बघून तो घोगऱ्या आवाजात काहीतरी बोलला. पुढे ज्ञानमायानं सांगितलं, तो म्हणाला होता, “मी काय केलं गं?”

आत्याबाई पुढे झाल्या. “माय, मी ठेवल्या वो. परसाद आहे, पशुपतीचा!” मी घाईघाईनं हिंदी केलं. ज्ञानमाया आमच्याकडे बघत राहिली, मग मटकन खाली बसली आणि हसायला लागली. डोळे गेले, दम लागला, पदर तोंडात कोंबला तरी हसू थांबेना. हातोडीवाले खालून वर आले. म्हाताऱ्याला कळल्यावर तोही खोकत खोकत हसला आणि म्हणाला, “पस्तीस वर्षं हिला धीर झाला नाही, तुम्ही दोन दिवसांत उरकलंत!”

नेवारांत बायकोला नवऱ्याजवळ राहायचं नसेल तर ती त्याच्या उशाखाली सुपारी ठेवते आणि निघते. भांडण नाही, पंच नाहीत. नवऱ्यानं उशी उचलली की त्याला कळतं.

“अन् मेला तं?” आत्याबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज वेगळा होता.

“तर त्याच्याजवळ सुपारी ठेवायची. तो मोकळा, आपण मोकळ्या. तो काही आपला पहिला नवरा नसतोच.” मग ज्ञानमाया उठून वर गेली आणि एक पितळी डबी घेऊन आली. डबीत तांबडं फडकं, फडक्यात एक वाळून दगड झालेलं बेलफळ. “हा पहिला. सात वर्षांची होते तेव्हा याच्याशी लागलं. आमच्या सगळ्या पोरींचं लागतं. फळ बिनडागाचं बघून घेतात. हा देव, हा मरत नाही. मग माणसाशी लग्न होतं, ते दुसरं. माणूस मेला तरी बाई विधवा कशी होणार?”

आत्याबाईंनी ते फळ हातात घेतलं. बोटांनी चाचपलं. मला वाटलं, आता धर्म बुडाल्याचं काहीतरी बोलतील. त्या म्हणाल्या, “आपल्या आंगनात बेलाचं एवढं झाड, कमल. अन् आपन नुसती पानंच तोडत राह्यलो.”

मला रडू आलं. ज्ञानमायानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या कपाळाकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. ती प्रामाणिक बाई होती, ती म्हणाली, “ऐकायला गोड लागतं. दुःख व्हायचं ते आम्हालाही होतं. बेल काही चूल पेटवत नाही. माझी धाकटी जाऊ रोज मार खाते, पण सुपारी ठेवत नाही, मुलं बापाकडेच राहतील म्हणून. सुपारी प्रत्येक घरात असते, ठेवायला हात उचलावा लागतो.”

“दुसऱ्यानं ठेवली तं?” आत्याबाईंनी विचारलं.

“तुम्ही ठेवलीत, म्हणून मी सुटले का?” ती परत हसली. “ज्याची त्यानंच ठेवायची.”

तिनं त्या दोन सुपाऱ्या आत्याबाईंना परत दिल्या. त्यांनी त्या चंचीत टाकल्या आणि नाडी आवळली.

घोट्यामुळे आम्ही तिथे दहा-बारा दिवस राहिलो. निघायच्या सकाळी ज्ञानमायानं रीतीप्रमाणे पाहुण्यांना टिळा लावला. दही-तांदळात कालवलेला लालभडक टिळा. आधी आत्याबाईंना. मी तोंड बाजूला वळवलं, तर तिनं हनुवटी धरून सरळ केलं आणि माझ्या कपाळावर बोटं टेकवली. गार लागलं. अकरा वर्षांत तिथे कुणाचं बोट लागलं नव्हतं. मी आत्याबाईंकडे बघायला धजले नाही.

तो टिळा घेऊन मी सबंध डोंगर ओलांडला. भीमफेदीच्या ओढ्यावर मी तोंड धुवायला वाकले. मागून आत्याबाई म्हणाल्या, “तोंड धू. कपाळ राहू दे, आपोआप जाईन.”

मी तशीच ओल्या तोंडानं बसून राहिले. तो ओढा, ते थंड ऊन, माझ्याकडे न बघता चंची उघडून बसलेल्या आत्याबाई. एकच दिवस परत द्यायचा असं कुणी म्हटलं तर मी तो मागेन.

मूल

होळी आम्हाला परतीच्या गाडीत लागली. मूलला उतरलो तेव्हा रस्त्यावर रंग वाळलेले होते आणि मोहाची फुलं गळायला लागली होती. मी घरी न जाता काहीतरी निमित्त काढून ढोरांच्या दवाखान्यावरून गेले. दाराला कुलूप होतं. शाळेत कळलं, सिरोंच्याकडे जनावरांत साथ आली म्हणून डॉक्टरांना घाईनं जावं लागलं. माझ्यासाठी निरोप होता: ‘उत्तर पोस्टानं चालेल. गाईचं औषध कंपाउंडरकडे ठेवलं आहे.’

घरी आले तर आत्याबाई अंगणात होत्या. बेलाखाली बाज टाकलेली, आणि बाजेवर ती उशी. दर वर्षीच्या ठरल्या वेळेला अजून महिना होता. मी नेहमीसारखी गप्प राहून आत जायला लागले.

“ढोर-डाक्तर गेला म्हन्ते.”

“गेले.”

“तू काय सांगतलं त्याले?”

मी उंबऱ्यातच थांबले. मी म्हटलं, “कशाचं?”

“मले वाचता येत नाई, पन नाक आहे,” आत्याबाई म्हणाल्या. “महिनाभर माह्या लुगड्याले फिनाइलचा वास येऊन राह्यला. पशुपतीसमोर उभी राह्यली तरी फिनाइल. मले काय समजत नाई का?” मग त्यांनी चंची सोडली आणि त्या दोन सुपाऱ्या माझ्यापुढे धरल्या. “घे.”

“आत्याबाई…”

“त्या घरी मी चुकून ठेवल्या. इथी तुले ठेवा लागते. माह्या हातानं होत असतं तं रस्त्यातच केलं असतं. पन त्या बाईनं सांगतलं ना, ज्याची त्यानं.”

मी म्हटलं, हे आपल्यात नाही, हे त्यांच्यात आहे. त्या म्हणाल्या, “आपल्यात काय आहे ते त्या पायरीवर पाह्यलं मी.”

मी ती उशी उचलली. अकरा वर्षांत मी तिला हात लावला नव्हता. उन्हानं ती गरम झाली होती आणि इतकी हलकी होती की हातात काही आहे असं वाटेना. मी दोन्ही सुपाऱ्या बाजेवर ठेवल्या आणि वरून उशी टेकवली. आत्याबाई उशीजवळ बसल्या, तिच्यावरून हात फिरवत राहिल्या, तापातल्या लेकरावरून फिरवावा तसा. “आता त्याले बी झोप येईन,” म्हणाल्या. मग आम्ही दोघी रडलो, आणि तेही पहिल्यांदाच एकत्र.

पोस्टानं उत्तर गेलं. पंधरा दिवसांनी, डॉक्टरांची आई स्वतः मला न्यायला आली. गडचिरोली, आलापल्ली, पुढे जंगलच जंगल, असा मोटारीचा रस्ता. पाऊस लागला की तो बंद होतो, मग सिरोंचा म्हणजे नेपाळच. आत्याबाई अड्ड्यापर्यंत आल्या. मी त्यांचा हात सोडेना. म्हटलं, “तुम्हीही चला. घर बंद करू. इथे एकट्या कशाला राहता?”

“मी कायले येऊ?” त्यांनी माझा पदर नीट केला. “लोकं काय म्हन्ते ते ऐकाले इथी कोनीतरी पाह्यजे ना.”

मी सिरोंच्याला आले. त्या मूलला राहिल्या आणि तीन वर्षं ऐकत राहिल्या. सुट्टीत मी जायची तेव्हा त्या धानाचं सांगायच्या, गाईचं सांगायच्या, सोमीला मुलगी झाल्याचं सांगायच्या. लोक काय म्हणाले, त्यातला एक शब्दही त्यांनी मला कधी सांगितला नाही.